उघड्या ट्रेमधली फिल्म

व्हिनेगरची बाटली उघडली, की मला आमचं नेरडीगोंड्याचं न्हाणीघर आठवतं. फिल्म धुण्याच्या रसायनाला असाच आंबट वास यायचा. काचबिंदूनं बाबांची नजर जवळजवळ गेली होती, तरी जुन्या लाकडी कॅमेऱ्यानं त्यांनी आईचा फोटो काढला आणि ती तळहाताएवढी फिल्म स्वतःच धुवायची म्हणाले. फिल्म तेवढी एकच उरली होती. तिच्यावर ओरखडा पडू नये म्हणून मी हैदराबादहून, फिल्मला हात न लावता धुता येईल असा झाकणाचा डबा मागवला होता. बाबांनी तो चाचपून बाजूला सारला. "डबा कायले पायजे? उघड्या ट्रेमधी धुतो मी. अंधारात तुज्याइतकंच दिसते मले." मी डबा फळीवर ठेवून दिला. उजेडानं फिल्म खराब होऊ नये म्हणून भर दुपारी खिडकीला गोधडी ठोकून आम्ही दार लावून घेतलं. पाण्याचा आवाज, बाबांचा जड श्वास, आणि मधेच त्यांचं नख फिल्मवर खर्रकन ओढलं गेलेलं मी ऐकलं. दार उघडलं, तेव्हा आईच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत रेघ गेली होती. "कशी आली?" बाबांनी विचारलं. मी फिल्म आईच्या हातात दिली. तिनं ती ओलीच उजेडात धरली आणि म्हणाली, "मीच आहो, ओळखू येऊन राह्यली." बाबा समाधानानं हसले. डब्यासाठी मी हट्ट धरायला हवा होता का, हे मला अजून ठरवता येत नाही. तो फोटो हातात घेतला, की आई दिसायच्या आधी रेघ दिसते.