गाडी यायच्या आधीचा तास

“मॅडम, हा तास तर आमची बस गेल्यावर हाय.”

नोटीस बोर्डवर टाईमटेबल टाचून मी मागं वळते, तोवर नाजनीनचं बोट शेवटच्या रकान्यावर होतं. पिनांचा डबा अजून माझ्या हातातच होता.

घनसावंगी तालुक्यातल्या एका आर्ट्स-कॉमर्स कॉलेजात मी इतिहास शिकवते. बीएची नवी रचना आली तेव्हा प्राचार्यांनी मला समन्वयक केलं. “तुम्हाला याद्या करायची आवड आहे,” एवढंच कारण त्यांनी दिलं.

नवी रचना थोडक्यात सांगते. पूर्वी बीएला तीन ऐच्छिक विषय असत आणि तिन्हींचं वजन सारखं असे. आता एक मेजर, म्हणजे मुख्य विषय. एक मायनर, म्हणजे जोडीचा विषय. आणि एक ओपन इलेक्टिव्ह. हा शेवटचा विषय दुसऱ्या शाखेचाच घ्यावा लागतो. बीएच्या मुलांनी कॉमर्सच्या वर्गात बसायचं, कॉमर्सच्या मुलांनी आर्ट्सच्या. या विषयाची क्रेडिट्स मिळाली नाहीत तर पदवी पूर्ण होत नाही.

कॉमर्सच्या वर्गात बसायला सगळ्या बीएला एकाच वेळी मोकळं करायचं तर सगळ्यांचा मिळून एक तास हवा. तो मी शेवटी टाकला होता. नाजनीनची बस त्याच्या आधी सुटायची. पुढची बस थेट अंधार पडताना.

नाजनीनचं मेजर उर्दू. बारावीपासून तिचं ठरलेलं होतं, तीर्थपुरीकडच्या उर्दू शाळेत शिकवायचं. दुसऱ्या दिवशी तिचे अब्बा आले. सलीमभाई मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतात. हात पुसत पुसतच ऑफिसात आले.

“मॅडम, पोरीनं शिकावं, माझं बिलकुल ना न्हाई. पन बस गेल्यावर तिनं स्टँडवर चार घंटे बसायचं, हे न्हाई जमनार. त्यापेक्षा घरी बसून बाहेरून परीक्षा दिईल.”

“अब्बा, घरी उर्दू कोन शिकवनार? तुमी?” नाजनीन म्हणाली.

“मला मोटार शिकवता येती,” सलीमभाई म्हणाले. हसले मात्र नाहीत. “आठ दिवस बघतो मॅडम. मंग नाव काढून घेतो.”

मी प्राचार्यांकडं गेले.

“हजेरी लावून टाका की बसच्या मुलींची,” ते म्हणाले.

“सर, हजेरी लावू. परीक्षेत काय लिहितील?”

“मग डेपोला फोन करा.”

केला. डेपोतले साहेब सौजन्यानं बोलले. तीच बस आमच्या मुली सोडून शाळेच्या मुलांना आणायला जाते. ती उशिरा सोडली तर शाळेची मुलं अडकणार. त्यांचं बरोबर होतं.

दोन दिवस मी तास इकडून तिकडं सरकवत होते. ओपन इलेक्टिव्ह वर आणलं की उर्दू खाली जाई. उर्दू वर घेतलं की राज्यशास्त्र. कुठला तरी एक तास बसच्या पलीकडं पडायचाच. शेवटी नाजनीनलाच बोलावलं आणि विचारलं, “तुमच्या गावाला जायला दुसरी कुठली गाडी नाही का गं, दुपारची?”

“न्हाई मॅडम. पन सकाळी एक तास खालीच जातो ना आमचा.”

“तो कसा काय?”

“बस आमाला जल्दी सोडती. मंग लिंबाखाली बसून राह्यतो, तुमची गाडी येईपर्यंत.”

आमची गाडी म्हणजे जाधव सरांची. आमच्याकडचे बरेचसे प्राध्यापक जालन्यात राहतात आणि रोज अप-डाऊन करतात. जाधव सर राज्यशास्त्राचे, पवार सर कॉमर्सचे, आणि मागच्या सीटवर मी. गाडी आली की कॉलेज सुरू होतं. तसा नियम कुठंही नाही, पण माझ्या आधी टाईमटेबल करणाऱ्यांनीही पहिला तास गाडीवरूनच धरला होता. सगळं सरकवून पाहिलं, ही एक गोष्ट सरकते हे ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अंबडला नेहमीच्या चहाला थांबलो तेव्हा मी विषय काढला. “गाडी तासभर आधी काढायची. पवार सर ओपन इलेक्टिव्ह पहिल्या तासाला घेतील. मग सगळं बसच्या आधी बसतं.”

पवार सर लगेच तयार. “माझं काय, मी पहाटेच उठतो.”

जाधव सरांनी कप खाली ठेवला. “मॅडम, नळाचं काय?”

आमच्या जालन्यात नळाला रोज पाणी येत नाही. येतं तेव्हा सकाळी येतं. जाधव सरांच्या पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, त्या उजाडताच निघतात. पाणी सर भरतात.

“घटना दुरुस्त करता येते मॅडम, नळाची वेळ नाही.”

“पाण्याच्या दिवशी गाडी मी चालवते. तुम्ही टाक्या भरा आणि एसटीनं या. त्या दिवशी तुमचा तास शेवटून दुसरा.”

“गाडी माझी, आणि मी एसटीनं?”

“ड्रायव्हर लेडीज भेटली, नशीब समजा,” पवार सर म्हणाले.

जाधव सरांनी उरलेला चहा संपवला. बिलाच्या वेळी म्हणाले, “चौथ्या गियरला जरा अडकते. जोर करायचा नाही.” मी तो होकार समजले.

नव्या वेळापत्रकाच्या पहिल्या दिवशी वाटेत चहा घेतला नाही. तो आता परतताना घेतो. कॉलेजच्या फाटकाशी सलीमभाई मोटारसायकल लावून उभे होते. आमची गाडी आत येताना त्यांनी पाहिली, मग मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

“दुपारची बस बराबर भेटंल ना मॅडम?”

“भेटेल.”

“मंग ठीक.” त्यांनी किक मारली. नाव काढायचा विषय पुन्हा निघाला नाही.

पवार सरांच्या वर्गात डोकावले तर बसच्या मुली पुढच्या बाकांवर बसलेल्या. लिंबाखाली कोणी नव्हतं. सत्र संपलं तेव्हा नाजनीन पवार सरांच्या बँक व्यवहारात पास होती आणि उर्दूत वर्गात पहिली. सलीमभाईंच्या दुकानाचं खातं आता तीच बघते, असं तिनं सांगितलं. जाधव सर पाण्याच्या आदल्या संध्याकाळी किल्ली घरी आणून देतात आणि दर वेळी चौथ्या गियरचं सांगतात.

तेव्हापासून एक केलंय. नवा नियम आला की आधी पाहते, सकाळी कोण कुणाची वाट बघत बसलंय. परिपत्रक नंतर वाचते. तोवर बहुतेक वेळा त्याचं शुद्धिपत्रक आलेलं असतं.