साहेबांच्या टीमचा अंदाज

चिनू, मीरा, काल फोनवर तुम्ही बेसबॉलच्या नव्या सीझनचे अंदाज सांगत होतात. डिव्हिजनमध्ये पाचही टीम तगड्या, आणि तुमची लाडकी टीम शेवटी. इकडे मी चहात वेलची टाकली आणि त्या वासाबरोबर आखातातल्या, रोल्ला भागातल्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये पोचले.

ऑफिसांची क्रिकेट लीग सुरू होण्याआधी एका शुक्रवारी आमच्याकडे चहा असे, आणि प्रत्येकाने आपला अंदाज सांगायचा असे. एका वर्षी तुमच्या आजोबांचे नवे साहेब आले होते. आमचा व्हिसा त्यांच्याच सहीने रिन्यू व्हायचा होता.

"बोला, आपली टीम कितवी येणार?" साहेबांनी विचारलं.

"शेवटची," आजोबा शांतपणे म्हणाले. "ओपनिंगला तुम्ही येता ना."

मी ट्रे धरून दारात उभी होते आणि मनात सामान बांधत होते.

साहेबांनी सावकाश चहा संपवला. "खलास, ठरलं. यंदा मी अकराव्या नंबरवर येतो, कॅप्टन तुम्ही. वहिनी, अजून अर्धा कप."

तेव्हा मला आजोबांचा फार राग आला होता. आता वाटतं, साहेबांनाही हे कुणीतरी सांगायला हवंच होतं.

मनात बांधलेलं सामान सोडून त्याच आठवड्यात मी त्या फ्लॅटच्या खिडक्यांचे नवे पडदे शिवायला टाकले.