पितळी चाकीतला म्हातारा

जाणण्याची शक्ती पुष्कळांना लाभते. जाणण्याची इच्छा मात्र उतारवयापर्यंत क्वचितच कुणापाशी टिकते. पूर्वसूरींनी तिला जिज्ञासा म्हटले. ज्ञानाने माणूस थोर होतो हे खरेच, परंतु जिज्ञासेने तो ताजा राहतो. तिची परीक्षा होते ती नवे कळल्यावर जुने मोडते त्या क्षणी. बहुतेक जण तेव्हा कान झाकून घेतात. नळदुर्गच्या श्रीपतींनी ते झाकले नाहीत.

श्रीपतींची हयात सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवण्यात गेली. हिंदी गाणी गाडीतल्या टेपवर रोजच वाजत. घरी त्यांना काही अनोळखी हवे असे. म्हणून हैदराबादच्या जुन्या बाजारातून ते इंग्रजी रॉक संगीताच्या तबकड्या आणीत. भाषा कळत नव्हती. कव्हरवरचे चित्र पाहून निवड होई. तबकड्या वाजवायचे यंत्रही तिथलेच, मोडके. त्याच्या मोटारीवरची, तबकडी फिरवणारी चाकी हरवली होती. गावातल्या शिवलिंगप्पा लेथवाल्याने अंदाजानेच एक पितळेची घडवून दिली.

त्या संग्रहातला एक अल्बम त्यांच्या विशेष जिव्हाळ्याचा. कव्हरवर उघड्या माळावरचा जळका पियानो. गाणारा, श्रीपतींच्या मते, कुणी वृद्ध होता: जड, खोल स्वराचा, सारे काही गमावून बसलेला. वडील वारल्यानंतर कित्येक दिवस घरात तोच वाजत होता. त्याचे नावच पडले, 'म्हातारा'.

दोन वर्षांपूर्वी कान साथ सोडू लागले, तेव्हा श्रीपतींनी संग्रह विकायला काढला. जुन्या तबकड्या जमवणारा सोलापूरचा सोमेश आपले यंत्र बरोबर घेऊनच आला.

"समदं न्या, सोमेशराव. ह्यो जळक्या पियानोचा म्हातारा तेवढा ऱ्हाऊ द्या."

"काका, त्याच्यासाठीच तर आलोय. निदान ऐकू तरी द्या."

सोमेशच्या यंत्रावर सुई टेकली, आणि विशीतला एक पोरगा उड्या मारीत गाऊ लागला.

"दुसरीच लावली जणू," श्रीपती म्हणाले.

"तीच आहे, काका." सोमेशने श्रीपतींचे यंत्र उघडून पाहिले. "तुमची ही चाकी लहान घडलीय. तबकडी हळू फिरते, म्हणून आवाज जड येतो."

चहा ठेवायला आलेल्या श्रीपतींच्या पत्नी भिमाबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं बया! चाळीस वरसं म्हातारा म्हातारा करून माजं डोस्कं खाल्लं, अन् ह्ये तर लगनाचं बी वय न्हाय झालेलं पोरगं!"

सोमेश हसला आणि लगेच वरमला. श्रीपतींनी डोळे मिटले होते. वडिलांच्या मरणात ज्याने सोबत केली, तो माणूस जगात कधी नव्हताच? मग ते सांत्वन आले तरी कुठून?

"बंद करू का, काका?"

"न्हाय न्हाय. पयल्यापासून लावा. कोन हाय हा, बगू की."

कानामागे तळहात धरून त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या. मधूनच विचारीत, "हितं काय म्हनतोय?" सोमेश सांगे: घर सोडून निघालाय, पहिल्या पगारातून बूट घेतलेत, आता आईला हाक मारतोय.

"म्हंजी दुख्ख हाय. नवंकोरं हाय, एवढंच."

मग तेच गाणे आपल्या यंत्रावर, पुन्हा सोमेशच्या. सारी दुपार अशी गेली. चहा तसाच निवला.

"मग खरा कंचा म्हनायचा, अहो?" भिमाबाईंनी टोकलेच.

"गायला ह्यो पोरगा. सोबतीला आला तो शिवलिंगप्पाच्या चाकीतला," श्रीपती म्हणाले, आणि सोमेशकडे वळले. "न्या अल्बम. पर माजं यंत्र बी संगं न्यावं लागंल. अन् चाकी बदलायची न्हाय."

"मग तुम्ही कशावर ऐकणार?"

"माज्या कानांचं आता काय खरं न्हाय. तुमचे तरुन हायेत. पोरगा तुमच्या मशीनवर ऐका, म्हातारा माज्या. अजून काय फरक सापडला तर फोन करा. लई मोठ्यानं बोला, मातर."

सोमेश फोन करीत राहिला. श्रीपतींना शेवटी शेवटी त्यातले फारसे ऐकू येत नसे. तरी प्रश्न ते विचारीतच.

त्यांना जाऊन आता वर्ष होत आले. नळदुर्गला भिमाबाई आहेत. सोलापुरात सोमेशकडे तो अल्बम आहे, दोन यंत्रे आहेत, आणि चाकी बदललेली नाही.