केळ्यांच्या टाकीतला पेशंट

"उचला, उचला, गाडीत घ्या!" नीलेश ओरडत होता. मी त्याच्यावर खेकसले, "खाली ठेव त्याला!"

सावद्याजवळच्या केळी पॅकिंग शेडसमोर हा तमाशा. मे महिन्याची भर दुपार. केळीचे घड वाहता वाहता सुकलाल नावाचा मजूर कोसळला होता. आधी काहीबाही बडबडला, आम्ही पोचेपर्यंत शुद्ध गेली. अंगाला हात लावला तर चटका बसत होता. थर्मामीटरने एकशे सहा दाखवलं.

मी अँब्युलन्सवरच्या पॅरामेडिकना ट्रेनिंग देते. त्याआधी जळगावला कॅज्युअल्टीत सिस्टर होते. नीलेश माझा ट्रेनी. धुळ्याचा, हुशार, पण हात बसलेला हायवेच्या अपघातांवर. तिथे पेशंट उचलायचा आणि पळायचं, तेच बरोबर. उष्माघातात उलटं. आधी जागेवर गार करायचं, मग गाडी हलवायची. नाहीतर मेंदू आणि किडनी वाटेतच निकामी होतात. वर्गात सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. माना डोलवायला काय जातं!

"मॅडम, जळगाव लांब आहे," नीलेश म्हणाला.

"म्हणूनच सांगतेय. पाणी बघ आधी."

पाणी समोरच होतं. एक्सपोर्टच्या केळ्यांच्या फण्या धुवायची मोठी टाकी. चीक निघावा म्हणून तुरटी घातलेलं पाणी, सावलीत गारेगार. मॅनेजर आडवा आला. "अहो मॅडम, माल आहे त्यात!"

"मग माल बाहेर काढा, माणूस आत जाऊ द्या!"

भला माणूस. पुढच्या क्षणी स्वतःच फण्या उपसायला लागला.

खरी अडचण सुकलालच्या बायकोची, लताबाईची. तिने नवऱ्याला मिठीच मारली. "आंग तपेल शे! थंडं पानी टाकशात ते लकवा मारी जाई!"

तापल्या अंगावर गार पाणी नको, हे आमच्याकडे घरोघर ऐकायला मिळतं. मी समजावलं, मग आवाज चढवला. ती ढिम्म हलेना. एकेक मिनिट जात होतं.

नीलेश तिच्यापुढे उकिडवा बसला आणि तिच्याच अहिराणीत म्हणाला, "अक्का, मना बाप ऱ्हाता ते त्याले बी आठेच टाकतू."

स्वतःच्या बापालाही हा इथेच टाकला असता म्हणतो! तिने त्याच्याकडे नीट बघितलं. आणि हात सोडले.

सुकलालला टाकीत उतरवलं. नीलेश कपड्यांसकट आत उभा, त्याच्या काखेत हात घालून डोकं पाण्याबाहेर धरून. शेजारच्या रसवंतीवाल्याने बर्फाची लादी फोडून आणली, तीही ओतली. कुणीतरी साखरपाण्याचा पेला पुढे केला. मी तो परत पाठवला; बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घातलं की ते फुफ्फुसात जातं.

ताप एकशे दोनवर आला तसं त्याला बाहेर काढलं. स्ट्रेचरवर त्याने डोळे उघडले, इकडेतिकडे बघितलं आणि पुटपुटला, "मना मोबाईल कोठे शे?"

लताबाई रडत रडत हसली. मीही हसले, आणि डोळे पुसले. मग म्हटलं, "नीलेश, आता पळव गाडी!"

थोड्या दिवसांनी सुकलाल आपल्या पायांनी घरी गेला. उष्माघाताचा तास आता नीलेशच घेतो, माझ्यापेक्षा बरा घेतो.

तुम्हालाही सांगते. उन्हाने माणूस कोसळला की अँब्युलन्सला फोन करा, पण आमची वाट बघत हात बांधून उभे राहू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता. आम्ही येऊनही आधी तेच करणार आहोत.