देवानं टाकलेलं कवच

आमच्या शेतातला देव हाडाचा आहे हे मला कळलं तेव्हा मी पुण्याला पुरातत्त्वाची शेवटची परीक्षा देऊन नुकताच गावी आलो होतो. तेव्हापासून मला एका जागी नीट बसता आलेलं नाही. बायको म्हणते, तुमच्या पायाला भिंगरी आहे. तिला मी किती वेळा सांगितलं की भिंगरी माझ्या पायाला नाही, ती शेतात बांधावर लिंबाखाली आहे, शेंदूर फासून बसवलेली. ती हसते आणि भाजी निवडायला घेते.

ढोकीपासून आत, तेरणेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठाला आमची जमीन आहे. माझ्या जन्माआधी काकांना तिथं देव सापडला. नांगराला लागला, असं सगळं गाव सांगायचं. आमच्याकडं वेगळ्या घडणीचा दगड निघाला की तो कुणी फेकत नाही. बांधावर बसवतात, तेल-शेंदूर लावतात आणि त्याच्याशी नीट वागतात. दर अमावास्येला काकू करडईच्या तेलात शेंदूर कालवून देवाला चोपडायची. करडईचं तेल वाळलं की चिवट होतं, त्यावर पुढच्या अमावास्येचा थर. असं करत करत देव वाढत गेला आणि त्याचा मूळ आकार कुणाच्या लक्षात राहिला नाही.

त्या उन्हाळ्यात मी देवापुढं सहज उकिडवा बसलो, तर खाली बुडाशी शेंदराचा एक टवका उडालेला दिसला. रुपयाएवढा. आत दगड होता, पण जाळीदार. बारीक बारीक छिद्रं, कडेला दाट आणि मध्ये विरळ. ही जाळी मी दोन वर्षं प्रयोगशाळेत भिंगाखाली पाहत आलो होतो. हाड मातीत इतका काळ पडून राहतं की त्याचा कण न् कण दगडाचा होतो, पण जाळी तशीच राहते. माझे कान तापले. मी इकडंतिकडं बघितलं आणि चोरासारखा उठून घरी आलो.

आमच्या मांजरा-तेरणेच्या काठांवर अशी हाडं निघतात, हत्तीची, रानगुरांची. त्याच थरांत माणसानं घडवलेली दगडी हत्यारंही मिळतात. पोत्यानं मिळतात म्हणा ना. पण ती घडवणारा मिळत नाही. त्याचं हाड आपल्या देशात जवळपास सापडलेलंच नाही. हत्यारं इथं, खाल्लेल्याची हाडं इथं, आणि हा गडी मात्र ताटावरून उठून कुठं गेला ते कळत नाही. आणि आमचा देव वीतभर लांब, खालून पुढं आलेला, वळणदार. शेंदराखालून मला त्यात हनुवटी दिसायची. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, तसं माझं झालं. अजून काही पाहिलं नव्हतं आणि मी मनातल्या मनात त्या जबड्यावर निबंध लिहून मोकळा झालो होतो.

काकूला मी विचारलं की शेंदूर जरा खरवडून पाहू का. ती म्हणाली, देवाला खरवडायचं नसतं. त्याच्या मनात आलं की तो आपण होऊन कवच टाकतो. आपण फक्त वाट बघायची.

वाट बघणं मला कधीच जमलं नाही. धाराशिवला कॉलेजात इतिहास शिकवायला लागलो, लग्न झालं, पण सुट्टी मिळाली की मी बांधावर. देवाला बोटाच्या पेरानं हळूच ठोकायचो, आत पोकळ वाजतं का ते ऐकायचो. काकू लांबून ओरडायची, "काय रे, डॉक्टरावाणी काय बडवायलास त्याला?" माझा जीव कासावीस व्हायचा आणि रागही यायचा. तिचा नाही, त्या तेलाचा. दर अमावास्येला मी आणि तो यांच्यामध्ये आणखी एक थर चढत होता आणि तो चढवणारी बाई मला वर गरम भाकरी वाढत होती.

तिला खरं का सांगत नव्हतो, ते सांगायला हवं. आमचं गळ्यात लिंग असलेलं, लिंगायत घर. घरात मांस शिजत नाही. कुत्र्यानं अंगणात हाड आणून टाकलं तर काकू ते चिमट्यानं उचलून लांब फेकते, सगळं अंगण सारवते आणि आंघोळ करूनच चुलीपाशी जाते. तिला कोणत्या तोंडानं सांगणार की काकू, तुम्ही इतकी वर्षं हाडाला आंघोळ घालताय? जनावराचं आहे म्हटलं तर देव ओढ्यात जाणार. माणसाचं आहे म्हटलं तर आणखी कठीण. आमच्यात मेलेल्याला जाळत नाहीत, बसवून माती देतात. ज्याला माती मिळाली नाही त्याला ती देणं हे काकूच्या लेखी पहिलं काम. तिनं विधीनं खड्डा करून त्याला माती दिली असती आणि मग ती उकरायची हिंमत मला झाली नसती. म्हणजे काहीही बोललो तरी तो माझ्या हातून जाणार होता. म्हणून मी गप्प बसलो. वरून गप्प.

काका वारले. त्यांच्या मुली लग्न होऊन लांब गेल्या. काकू एकटीच राहिली आणि शेंदूर चालू राहिला.

मग यंदाच्या उन्हाळ्यात, परीक्षेच्या वर्गावर असताना खिशातला फोन थरथरला. कॉरिडॉरमध्ये येऊन घेतला.

"देवानं कवच टाकलंय," काकू म्हणाली. "सांज व्हायच्या आत ये. देवाला उघडं ठिवत न्हाईत."

घरातल्या पुरुषानं पहिलं तेल घालायचं आणि दिवस मावळायच्या आत नवा शेंदूर चढवायचा, अशी रीत. काका नव्हते, म्हणजे मीच. शेजारच्या सरांच्या हातात उत्तरपत्रिका कोंबून मी निघालो. ढोकीची एसटी समोरून निघून गेली. पुढच्या गाडीची वाट बघत स्टँडवर मी इतक्या येरझाऱ्या घातल्या की एका म्हातारबांनी घरचं कुणी दवाखान्यात आहे का, असं विचारलं. फाट्यापासून उसाच्या रिकाम्या ट्रॉलीत उभा राहून गेलो. बसवतच नव्हतं.

काकू लिंबाखाली बसली होती. देवावर तिनं ओलं फडकं टाकलं होतं. घरच्या पुरुषाआधी उघड्या देवाकडं बघू नये म्हणून तिनं फडकं टाकतानाही तोंड फिरवलं होतं, हे तिनं मला सांगितलं. शेजारी कवच पडलं होतं, दोन फाकांत, चांगलं बोटभर जाड. मी बॅग टाकली, चपला काढल्या आणि फडकं उचललं.

दात होते. तीन मोठे दात, एकाला एक लागून, चघळून चघळून झिजलेले, वर चंद्रकोरीसारख्या कडा. क्षणात ओळखले. असे दात गोठ्यातल्या कुठल्याही बैलाच्या तोंडात असतात, हे फक्त त्याहून मोठे. रानबैलाचा जबडा. हनुवटी वगैरे काही नव्हतं, हाड तिथं मोडलं होतं एवढंच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या बांधावर खरोखर खाली बसलो, आणि मला रडू आलं.

काकूनं मान वळवून पाहिलं.

"हे हाड हाय का रे?"

या प्रश्नाची मी किती उत्तरं पाठ करून ठेवली होती. निघालं ते सरळ खरं.

"व्हय. पण आता दगड झालाय त्याचा."

"कुणाचं?"

"बैलाचं. लई जुना, रानातला बैल."

तिनं देवाजवळचा हात मागं घेतला, पदराला पुसला. आता हा ओढ्यात जाणार, असं मी धरून चाललो. पण तिच्या तोंडावर हळूहळू हसू यायला लागलं.

"नंदी म्हण की मग," ती म्हणाली. "मला वाटलं कुणाचं काय. पोळ्याला बैलाला पुरणपोळी घालतोच की आपण. ह्याला दर अमोशाला तेल लावलं."

आणि तिनं घागरीतलं पाणी ओतून जबडा धुवायला घेतला, गोठ्यात बैल धुतात तसा, तळहातानं घासून. जीव भांड्यात पडला म्हणतात तसा तिचा पडला होता. माझा मात्र पडायला भांडंच नव्हतं. मी उगाच मोबाइल काढून फोटो घ्यायला लागलो. पाणी निथळलं, ऊन तिरपं पडलं होतं, आणि दातांच्या खाली, हाडाच्या बाहेरच्या बाजूला मला ते ओरखडे दिसले.

चार-पाच. आखूड, बारीक, एकमेकांना समांतर. त्यांत शेंदराचा रंग मुरला होता, म्हणून लाल रेघांसारखे उठून दिसत होते. जिथं जबड्याचं मांस हाडाला घट्ट धरून असतं, नेमके तिथंच. दगडाच्या धारेनं मांस सोडवलं की असेच ओरखडे उठतात. पण मग मी स्वतःलाच दटावलं. नांगराला लागलेला देव. फाळानं उठलेले ओरखडे असणार, दुसरं काय.

काकूची बोटंही तिथंच थांबली होती.

"हे वरखडे कशाचे रं?"

"नांगराचे, काकू."

"नांगराचे कसे असतील?" ती म्हणाली. "नांगराला न्हाई लागला त्यो. ओढ्याला पाणी आलं, दरड ढासळली, तवा दरडीत अर्धा बाहीर आला व्हता. तुज्या काकानं दोन्ही हातानं उपसून काढला. चिखलानं भरला व्हता. म्या उभी व्हते तिथं, धुऊन शेंदूर चढवला तवा मात्र तोंड फिरवलं व्हतं."

"मग सगळं गाव नांगर नांगर का म्हणतं?"

"देव नांगरालाच लागतोय, म्हून म्हणत्यात. दरडीतनं काढला म्हणलं तर कोण पाया पडंल?"

मी वळून पाहिलं. माझ्या मागं ओढ्याची दरड होती, पिवळ्या मातीची, खाली गोट्यांचा थर असलेली. नांगर लागला नव्हता. फावडं लागलं नव्हतं. म्हणजे हे ओरखडे दरडीच्या आतून आले होते. ज्याला मी त्या जबड्यात शोधत होतो तो जबड्याच्या बाहेर, हातात दगडाची धार घेऊन बसलेला होता. खात्री करायला सूक्ष्मदर्शक लागेल, वाळूनं आणि गुरांच्या खुरांनीही हाडं खरचटतात, हे सगळं मला माहीत होतं. तरी मला त्याच क्षणी उठून धावत सुटावंसं वाटलं. आणि समोर काकू उत्तराची वाट बघत होती, तिच्या नंदीच्या गालावर बोट ठेवून.

"माणसाचे असावेत," मी म्हणालो. "लई जुना माणूस. आपल्याही आधीचा, सगळ्यांच्या आधीचा."

"कापलं म्हणतूस?"

"व्हय."

"खायाला?"

मला मान वर करवली नाही. मी नुसती हलवली. तिचं बोट ओरखड्यावरच होतं. लिंबाची पानं पडत होती. मी मनात म्हणत होतो, आता रागावा, काही तरी बोला, पण असं बसू नका.

"उपाशी असंल," ती म्हणाली. "उगं कोण कापतंय?"

मग ती उठली, पूजेच्या ताटातली हळद घेतली, तेलात कालवली आणि एकेका ओरखड्यावर बोटानं भरली. बैलाच्या खांद्याला जू लागून जखम झाली की भरतात, अगदी तशी. मी तो माणूस इतकी वर्षं हनुवटी, दात आणि कवटीचं माप यांतच शोधला होता. त्याला भूक लागली असेल हे मला खरंच कधी सुचलं नव्हतं.

सूर्य खाली जात होता. मी धीर करून विचारलं, महिनाभर याला पुण्याला नेऊ देता का, परत आणून देतो. ती नाही म्हणाली, आणि तिनं ते इतक्या साधेपणानं म्हटलं की मला वाद घालता आला नाही. जखमेचं जनावर गावाबाहेर नेत नाहीत, एवढंच म्हणाली. मी पहिलं तेल घातलं. तिनं शेंदूर चढवला. दात गेले, हळद गेली, ओरखडे गेले. फोनमधले निम्मे फोटो हलले होते, हे नंतर कळलं.

निघताना मी कवचाच्या फाका उचलल्या. त्या नदीला सोडायच्या असतात. उचलताना एक फाक उताणी झाली आणि मी तिथंच थबकलो. आतला पहिला थर, काकांनी स्वतः लावलेला, गुळगुळीत आणि कोरडा होता. त्यात तीन दातांचे खळगे होते. आणि खाली चार-पाच बारीक उभारलेल्या रेघा. प्रयोगशाळेत आम्ही हाडावर रसायन ओतून असाच ठसा घेतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो. तो ठसा काकांच्या करडईच्या तेलानं माझ्या जन्माआधीच घेऊन ठेवला होता.

काकूनं माझ्याकडं पाहिलं, मग कवचाकडं. तिला ठशाचं काही कळलं असेल असं मला वाटत नाही. माझं तोंड मात्र तिला चांगलं वाचता येतं.

"नदीला आता पाणी कुठाय?" ती म्हणाली. "कोरड्या पात्रात टाकायचं नसतंय. पाणी येईस्तोवर ठिव तुज्याकडं. आलं की सोडून दे, इसरू नको."

ते कवच आता धाराशिवच्या घरी माझ्या टेबलावर आहे, जुन्या धोतरात गुंडाळलेलं. पुण्याच्या सरांना फोन झालेत, तिथल्या सूक्ष्मदर्शकाची पाळी लागायची आहे, आज-उद्या करत दिवस चाललेत. मी रात्री उठून बसतो. दुपारी गच्चीवर जाऊन आभाळ बघतो. काल पश्चिमेला ढग दिसले तर शेजारी हात जोडून उभे होते आणि मी खाली पळत येऊन पुण्याला पुन्हा फोन लावला. काकूला शब्द दिलाय, पाणी आलं की मी सोडणार. या जिल्ह्यात राहून पाऊस थोडा लांबावा असं वाटणारा माणूस आजवर झाला नसेल, आणि मी हे कुणाला सांगूही शकत नाही.