उंदरांपासून डोळ्यांपर्यंत

आमच्यात भांडण झालं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. ही हकिकत ज्यांना सांगितली त्यांतल्या प्रत्येकाने मला मध्येच थांबवून विचारलं आहे, 'मग बिनसलं कशावरून?' काही बिनसलं नाही. भांडण झालं असतं तर निदान समेट करायची सोय राहिली असती.

पेणला आमचं आणि माझ्या मैत्रिणीचं परसदार एकच होतं आणि त्याच्या कडेला तिच्या वडिलांचा कारखाना. पेणमध्ये कारखाना म्हणजे गणपतीचा, हे कुणाला सांगावं लागत नाही. कौलं घातलेली लांब पडवी, तीत फळ्यांचे मजले, फळ्यांवर ओळीने गणपती. काही नुसते शाडूचे, काही पांढऱ्या रंगाचा हात दिलेले, काही अंगाला रंग लागलेले पण अजून आंधळे. आंधळे हा शब्द आम्ही पोरी वापरायचो. तिच्या वडिलांनी ऐकला की ते म्हणायचे, "देवाला असं बोलू नाय गो." मग आम्ही दोन दिवस 'न आखलेले' म्हणायचो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा आंधळे.

कारखान्यात कुणी काय करायचं याची एक शिडी होती. ती कुणी सांगितली नव्हती, पण मोडायचीही कुणाची हिंमत नव्हती. पोरांना पहिल्यांदा उंदीर मिळत. उंदीर वेगळे घडवलेले असतात, बिघडला तर दुसरा लावता येतो. उंदीर नीट रंगवता आले की मग आसन. आसनाची किनार सरळ येऊ लागली की सोवळं, उपरणं. त्यानंतर दागिने, म्हणजे मुकुट, हार, बाजूबंद. तिथवर पोचायला वर्षं जात. आणि सगळ्यात शेवटी डोळे. डोळ्यांची आखणी फक्त तिचे वडील करत. ते आखणीला बसले की पडवीत कुणी बोलत नसे. खोकला आला तरी बाहेर जाऊन खोकायचं.

आम्ही दोघी चौथीपर्यंत उंदीरवाल्या. शाळेतून आलो की दप्तरं फेकून तिथे. मध्येच तिची आई पोह्याच्या पापडाच्या लाट्या तेलात बुडवून हातावर ठेवायची. त्या खाऊन रंगाला हात लावायचा नाही हा नियम आम्ही फ्रॉकला हात पुसून पाळायचो. माझे उंदीर तिच्यापेक्षा चांगले असत. हे मी आज बढाई म्हणून सांगत नाही, तीच म्हणायची. "तुझ्या उंदराला मिश्या झ्याक येतात," म्हणायची आणि मिशा काढायला स्वतःचेही उंदीर माझ्याकडे सरकवायची.

चौथीची परीक्षा झाली आणि माझ्या वडिलांना रोह्याच्या एका कंपनीत नोकरी लागली. तेव्हा रोह्याशेजारी धाटावला नव्या नव्या कंपन्या येत होत्या आणि आमच्या बाजूचा जो तो 'कंपनीत चिकटलं पायजे' असं म्हणत होता. आम्ही रोह्याजवळच वरशाला दोन खोल्यांत राहायला गेलो. पाचवीच्या वर्गात बाईंनी विचारलं तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की पेणला माझ्या मैत्रिणीच्या वडिलांचा कारखाना आहे. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "किती शिफ्ट चालतात?" वर्ग हसला. मला का हसले ते कळायलाच आठवडा गेला.

पण पेण काही सुटलं नव्हतं. मावशी पेणलाच रामवाडीला होती, त्यामुळे मे महिना आमचाच. आणि गणपती तर तिच्याच वडिलांकडून यायचा. आमचा घरचा पाट वडील दर वर्षी आधीच नेऊन कारखान्यात देत, मूर्ती त्याच पाटावर बसे, आणि गणपतीच्या आदल्या दिवशी ते ती एसटीत मांडीवर घेऊन येत. मूर्तीच्या तोंडावर रुमाल टाकलेला. कंडक्टर पुढची सीट द्यायचा. रोह्यात मूर्ती मिळत नव्हत्या असं नाही. वडील म्हणत, "मिळतात. पण आपला तिकडचा."

पाचवीनंतरच्या मे महिन्यात मी गेले तेव्हा ती आसनावर गेली होती. मला तिच्या वडिलांनी प्रेमाने उंदीर दिले. त्यात अपमान काही नव्हता, माझी शिडी तिथेच थांबली होती. उंदीरवाले दाराशी बसत, आसनवाले आत. ती दुपारी दोनदा-तीनदा उठून माझ्याकडे येऊन बसली, मिशा बघून गेली. मला तेवढं पुरलं.

सहावीनंतर गेले तेव्हा ती दागिन्यांपाशी होती. इतक्या लवकर कुणी दागिन्यांपर्यंत गेलं नव्हतं. तिचा हातच तसा, तिचे वडील लोकांना सांगत होते. तिच्या शेजारी तिच्या वर्गातली एक मुलगी होती, खाडीकडच्या गावातून शाळेसाठी पेणला आजीकडे आलेली. घरी मिठागराचं काम. ही मुकुट रंगवायची, ती रंग कालवून द्यायची, आणि दोघी शाळेतल्या गोष्टी बोलत. कुणीतरी सर, कुणाचीतरी वेणी, स्नेहसंमेलनात पडदा पडला ती भानगड. मी दाराशी, माझ्या दोन्ही बाजूंना पहिली-दुसरीतली पोरं. मला हसू येत होतं त्या पडद्याचं, पण हसायचं कुठे ते कळत नव्हतं. ती नवी मुलगी वाईट असती तर बरं झालं असतं. ती चांगली होती. मला म्हणाली, "ये ना गो आत, तिकडं काय बसलंस?" पण आत बसून मी करणार काय होते? दागिन्यांचा ब्रश मला कुणी दिला नसता, रंग कालवायला ती होतीच, आणि रिकाम्या हाताने तिथे कुणी बसत नसे. मी म्हटलं, "नको, इथे वारा आहे."

त्या वर्षी रोह्याला परत येताना मी ठरवलं, की उंदीर बास. मधल्या पायऱ्या एक एक करत चढायला मी तिथे नव्हते, म्हणून एकदम वरचीच धरायची. डोळे शिकायचे. ती आज ना उद्या डोळ्यांवर जाणार, तेव्हा मी तिच्या शेजारी असायला हवी. दुसरा काही विचार त्यात नव्हता.

सातवीचं सबंध वर्ष मी डोळे आखले. रोह्यापलीकडच्या अष्टमी गावच्या पुलाखाली कुंडलिका नदीच्या पात्रात गोटे मिळत, गुळगुळीत, अंड्याहून थोडे मोठे. ते आणायचे, पांढरे करायचे आणि शाळेच्या रंगपेटीतल्या काळ्याने डोळे. समोर घरचं कॅलेंडर. आधी वरची पापणी, मग खालची, मग बुबुळ. सुरुवातीचे सगळे तिरळे आले. आई म्हणाली, "घरात जिकडं तिकडं डोळे! रात्री पाणी प्यायला उठायची भीती वाटते." वडील म्हणाले, "गणित पण बघ जरा, ते पण तुझ्याकडे बघतंय." दिवाळीनंतर हात बसला. दोन्ही डोळे सारखे येऊ लागले. त्यांतले चांगले गोटे निवडून मी मे महिन्यात कापडी पिशवीतून पेणला नेले. मावशीने पिशवी उचलली आणि म्हणाली, "रोह्याला काय दगड पिकतात काय गो?"

कारखान्यात ती खरंच डोळ्यांपाशी पोचली होती. तिचे वडील तिच्याकडून फुटक्या, टाकाऊ मूर्तींवर सराव करून घेत होते. माझा अंदाज बरोबर निघाला याचा मला इतका आनंद झाला, की मी पिशवी तिच्या समोर जमिनीवर ओतलीच. तिची खाडीकडची मैत्रीण म्हणाली, "आय शप्पत, हिनं केलेत?" माझ्या मैत्रिणीने एक गोटा उचलला. बराच वेळ बघितला. मग उठली, वरच्या फळीवर दोन गणपतींच्या मध्ये तो गोटा टेकवून उभा केला, खाली मांडी घालून बसली आणि मला शेजारी बसायची खूण केली.

मी बसले. वर्षभर ज्यासाठी खपले ती जागा अशी मिळाली.

"बघ," ती म्हणाली.

मी बघितलं. दोन्ही बाजूंचे गणपती माझ्याकडे बघत होते. माझा गोटा माझ्या डोक्यावरून पलीकडे, परसातल्या आंब्याकडे बघत होता.

"मांडीवर घेऊन आखलेस ना?" तिने विचारलं. मी मान हलवली. "देव वर बसतो, मानूस खाली. नजर खाली उतरवायला लागते. कॅलेंडरवरनं काढलेस वाटतं. ते भिंतीवर समोर असतं, त्याला सरळ नजर चालते." मग गोटा काढून माझ्या हातात देत म्हणाली, "हात चांगला हाय. पन हे डोळे कोनाकडंच बगत नाय."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. वडिलांच्या हाताखाली शिकलेली मुलगी काम बघून बोलली. मी त्या जागी असते तर मीही तेच बोलले असते. पण मी तिला काम दाखवायला आलेच नव्हते. मला आखणीशी काही देणंघेणं नव्हतं, आजही नाही. मला तिच्याशेजारी बसायचं होतं, आणि ते तोंडाने सांगायचं असतं हे तेव्हा माहीत नव्हतं. सांगितलं असतं तर ती हसली असती आणि म्हणाली असती, बस की, तुला कोन नको म्हनतंय.

"शिकायचं असेल तर ये रोज," ती म्हणाली. "बाबा सांगतील तुला."

"बघते," मी म्हटलं. तेवढ्यात तिच्या वडिलांनी तिला हाक मारली आणि ती गेली. मला चांगलंच वाईट वाटलं. गोटे पिशवीत भरताना पिशवी मघापेक्षा जड झाली आहे असं उगाच वाटत होतं. त्या महिन्यात मी कारखान्यात आणखी दोन-तीनदा गेले असेन. पुढे मावशीकडे पत्ते खेळण्यात सुट्टी बरी गेली. गोटे मावशीने कुंड्यांत ठेवून दिले.

आठवीच्या वर्षी गणपती आणायला वडील म्हणाले, "चल पेणला." मी म्हटलं, चाचणी आहे. चाचणी होतीच, खोटं नव्हतं. वडील एकटे गेले, मांडीवर मूर्ती घेऊन आले आणि आईला म्हणाले, की औंदा आपल्या गणपतीची आखणी तिने केलीय, बापाने गिऱ्हाइकांच्या मूर्तींपैकी पहिली हीच दिली तिला आखायला. तिनेच मागून घेतली म्हणे. आई म्हणाली, "गुणाची पोर."

दुसऱ्या दिवशी रुमाल निघाला, पूजा झाली. संध्याकाळी शेजारच्या काकू दर्शनाला आल्या. त्या घाटावरच्या, काकांच्या नोकरीपायी आलेल्या, आमच्याकडचा गणपती पहिल्यांदाच बघत होत्या. चटईवर बसल्या, हात जोडले आणि मान वर करून बघितलं. मग मला म्हणाल्या, "काय गं हे डोळे! अगदी माझ्याकडेच बघतोय. कुणी काढले?"

आई आत मोदकांचा शेवटचा घाणा उतरवत होती. तिने ऐकलं असणार, कारण आतली भांडी वाजायची थांबली.

"आहे एक मुलगी," मी म्हटलं. "कारखान्यातली."