शुक्रवारी काढायचं, सोमवारी बसवायचं

लातूरच्या एका कॉलेजात मुलाखतीसाठी व्हरांड्यात बसले होते. शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून मिलिंद सरांसाठी जागा धरली होती; मुलाखत त्यांचीही होती. नांदेडहून त्यांची बस यायची होती. तेवढ्यात त्यांच्या मेहुण्याचा फोन आला. ‘‘ताई, दाजी गेले. पहाटे छातीत लई दुखून राहिलं म्हनले... दवाखान्यात नेस्तोवर...’’ आतून माझ्या नावाची हाक आली. मी आत गेले, प्रश्नांची उत्तरं दिली. उठून निघून जावं एवढी मोकळीक आम्हाला कधी नव्हतीच, याचा आज फार राग येतो.

नांदेडच्या एका कॉलेजात आम्ही दोघं संगणक शिकवायचो, तासिका तत्त्वावर. जूनमध्ये नेमणूक, उन्हाळ्यात सुट्टी म्हणजे नोकरीतूनच सुट्टी... आणि पुन्हा जूनमध्ये तीच मुलाखत. सर देगलूरचे. ऐन उमेदीत त्यांना पुण्याच्या कंपनीत नोकरी लागली होती. पण इथं कायमची जागा निघणार अशी कुणकुण लागली आणि ते थांबले. ती जागा मग दरवर्षी निघणारच होती. माणसाचे केस त्या ‘निघणार’वर पिकले.

सरांचा जीव एका सॉफ्टवेअरवर. गिट त्याचं नाव. प्रोग्रॅममधला प्रत्येक बदल ते नोंदवून ठेवतं. चुकलं तर मागच्या नोंदीपाशी परत जाता येतं. अभ्यासक्रमात ते नव्हतं, पण ‘‘याच्याबिगर पुण्यात पोरांना कोनी उभं करत न्हाई,’’ म्हणत सर ते शिकवत. अडचण अशी की, आमची लॅब शनिवार-रविवारी ऑनलाइन परीक्षांना दिली जाई आणि त्या संगणकांवर जादाचं काही चालत नसे. म्हणून दर शुक्रवारी सर एकेका संगणकापुढे बसून गिट काढत, सोमवारी पुन्हा बसवत. काही सोय करा म्हणून विभागप्रमुखांना विनवलं, तर ‘‘बघू’’. कायम करण्याच्या अर्जालाही हेच उत्तर होतं.

मी चिडायचे. ‘‘सोडा ना सर, कुणी सांगितलाय हा उपद्व्याप?’’

‘‘ताई, मला बी जूनमधी बसवतेत आन उन्हाळ्यात काढतेत. संगणकाला निदान दुखत तरी न्हाई.’’ असं म्हणून ते हसायचे. ते हसणं मला बघवत नसे.

लातूरजवळच्या मुरुडची एक विद्यार्थिनी एका शुक्रवारी रडकुंडीला आली. गिट काढलं म्हणजे आपलं सगळं काम गेलं, असं तिला वाटलं. ‘‘सॉफ्टवेअर गेलं, नोंदी न्हाई गेल्या बाई. सोमवारी बघ,’’ सर म्हणाले. सोमवारी सगळं जागच्या जागी. तेव्हा मी सरांना सहज विचारलं, मागे जाता आलं तर कुठल्या नोंदीपाशी जाल? गडी पटकन म्हणाला, ‘‘पुन्याला न्हाई म्हनलो ना, तिथं.’’

लातूरचं काही जमलं नाही. सर गेल्यावर जूनमध्ये नांदेडला त्यांचे तास मला मिळाले. पहिल्या सोमवारी मी गिट बसवलं, मुलांनी काम नोंदवलं, आणि एकानं हाक मारली. ‘‘मॅडम, काम मी केलो, नाव मिलिंद सरांचं येऊन राहिलं.’’

गिट प्रत्येक नोंदीवर करणाऱ्याचं नाव घालतं. ते नाव एकदा सांगून ठेवावं लागतं आणि सॉफ्टवेअर काढलं तरी ते मागे राहतं. मागची मुलं गेल्यावर, उन्हाळ्याआधी संगणक तपासताना सरांनी स्वतःचं सांगितलं असणार. मी रांगेनं बघत गेले. प्रत्येक संगणकावर सर होते. ज्या विभागाच्या पाटीवर त्यांचं नाव कधी लागलं नाही, त्याच विभागात.

पण दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव त्यांनी एक दिवसही खपवून घेतलं नसतं. मी मुलांना सांगितलं, आपापली नावं टाका. एक ओळ लिहायची असते. सगळ्यांनी लिहिली. बघता बघता सर एकेका संगणकावरून गेले, आणि ते मीच करवून घेत होते.

कोपऱ्यातला एक संगणक रिकामा होता. तिथं कुणी बसत नाही. त्याच्यावरूनही मी शुक्रवारी गिट काढते, सोमवारी बसवते. तिथलं नाव मात्र बदललेलं नाही. एवढीच एक जागा निघाली त्यांच्यासाठी.